लांबडं, आखूड आणि खंदकातला सखाराम

सखाराम सोनावळ्यानं सत्तावीस वर्षांत स्वतः एकही गोळी झाडली नव्हती. पण त्याच्या डोक्यावरून जेवढ्या गोळ्या गेल्या, तेवढ्या फौजेत नोकरी करून आलेल्या माणसाच्याही गेल्या नसतील.

कर्जतहून खालापूरकडे जाताना टेकडीच्या पोटात एका नेमबाजी संस्थेची जुनी रेंज आहे. सखाराम तिथला मार्कर. नेमबाज उभे राहतात त्या ओट्यापासून पंचवीस मीटरवर पुरुषभर खोल सिमेंटचा खंदक, वरून स्लॅबनं झाकलेला. स्लॅबच्या पुढच्या कडेला वीतभर रुंदीची लांबलचक फट. त्या फटीतून निशाण्याचे पाच खांब वर जातात. खाली बसलेल्या सखारामनं लोखंडी दांडा ओढला की पाची पुठ्ठे नेमबाजांकडे तोंड करतात, सोडला की कड फिरवून आडवे होतात. तीन सेकंद उघडे, सात सेकंद बंद, असं पाच वेळा. मग घंटा होते, गोळीबार थांबतो. सखारामनं पुठ्ठे खाली घ्यायचे, भोकं बघायची, दांडीवरची लाल चकती फटीतून वर धरून निशाणी दाखवायची, भोकांवर कागदाच्या टिकल्या चिकटवायच्या आणि पुन्हा दांड्याशी बसायचं.

ही नोकरी त्यानं मागितलेली नव्हती. रेंज झाली तेव्हा त्याच्या बापाची पाऊण एकर वरकस, डोंगरउताराची जमीन त्यात गेली, आणि बोली अशी झाली की घरातला एक माणूस कामाला घेऊ, राहायला खोली देऊ, पुढे कायम करू. सखाराम तेव्हा भिवपुरीच्या वीजघराच्या वसाहतीत वायरमनच्या हाताखाली जात होता. बाप म्हणाला, "जमीन गेली ती गेली, निदान तिच्यावं उभा तरी ऱ्हा." तो उभा राहिला तो जमिनीच्या वर नाही, तिच्या पोटात. खोली मिळाली. लग्न झालं, चंद्रभागा त्या खोलीत आली, रूपा तिथंच जन्मली. कायम करायचं मात्र पुढच्या मीटिंगला ठरायचं होतं. तीन सेक्रेटरी बदलले, पुढची मीटिंग तशीच राहिली. नोकरी सोडावी तर खोली जाते, आणि खोलीबरोबर त्या जमिनीवरचा उरलासुरला हक्कही जातो. म्हणून सखाराम रोज सकाळी साडेसातला पायऱ्या उतरून खंदकात जायचा.

खाली बसून बसून त्याचे कान भलतेच तयार झाले होते. संस्थेच्या कपाटात बत्तीस बोअरची दोन जुनी रिव्हॉल्व्हरं होती. त्यांना सखारामनं नावं ठेवली होती, आणि ती पुढं सगळ्यांच्याच तोंडी बसली. एक लांबडं. सहा इंची नळी, नेम धरायची मागची खाच स्क्रूनं वरखाली, डावीउजवीकडे सरकवता येणारी, हाताच्या मापानं कोरलेली लाकडी मूठ. घोडा अंगठ्यानं मागे ओढला की चाप इतका हलका की बोट टेकलं तरी बार व्हावा. ते निव्वळ स्पर्धेसाठी. दुसरं आखूड. तीन इंची नळी, जुन्या इंग्रजी घाटाचं, मधून मोडून उघडणारं. खाच कायमची ठोकलेली, चाप जड. ते कमरेला लावून ड्यूटी करणाऱ्या माणसासाठी.

लांबड्यात सपाट तोंडाची गोळी घालत. तिचं भोक कागदाला पंच मारल्यासारखं गोल, स्वच्छ. आखुडातली गोल टोकाची गोळी कागद फाडून जायची, कडेला चिरफळ्या उठायच्या. आवाजातही फरक होता. लांबडं आटोपशीर वाजायचं, आखूड कानफटात मारल्यासारखं. वर कोण उभं आहे, हातात काय आहे, माणूस आज चिडलाय की रमलाय, हे सखाराम पुठ्ठा खाली घ्यायच्या आधी सांगायचा.

हे कसब ओळखणारा रेंजवर एकच माणूस होता, कोंडाजी हवालदार. पोलिसातून निवृत्त झालेले, वय अडुसष्ट, संस्थेत शिकवायला येत. सराव संपला की खंदकाच्या पायरीवर येऊन बसत आणि विचारत, "काय रं सखाराम, आज कुनाचा हात हालत हुता?" सखाराम सांगायचा. दुसऱ्या दिवशी हवालदार त्या माणसाचा हात धरून शिकवायचे.

मागच्या ऑक्टोबरात, एका बुधवारी, या दोन रिव्हॉल्व्हरांची झुंज लागली.

झालं असं की खालापूरकडच्या बंगल्यांच्या वसाहतींना पहारेकरी पुरवणाऱ्या एका कंपनीला आपली शस्त्रधारी माणसं रेंजवर शिकवून घ्यायची होती. कंपनीचा स्वप्नील नावाचा तरुण अधिकारी बघायला आला. माणसांच्या हातात शिकायला कुठलं रिव्हॉल्व्हर द्यायचं, यावरून सेक्रेटरी किरणसाहेब आणि कोंडाजी हवालदार यांची ओट्यावरच जुंपली. किरणसाहेब स्वतः राज्य पातळीवर खेळलेले. ते म्हणाले, "हवालदार, जे अचूक ते चांगलं. लांबड्यावर माणूस आठवड्यात नेम शिकतो. आखूड म्हणजे नुसता धुडगूस."

"साहेब, ह्या पोरांना पदक नाय आनायचं," हवालदार म्हणाले. "दिवसभर कमरेला वागवायचंय. बसताना, उठताना, गाडीत शिरताना. सहा इंची नळी मांडीत घुसंल. खाचेला धक्का लागला तर नेम गेला. आनि तो हलका चाप? छातीत धडधडत असतं, बोट थरथरतं, तवा जड चापच मानसाला वाचवतो."

"मग मारून बघू," किरणसाहेब म्हणाले. "सखाराम, खाली जा."

सकाळचा पहिला भाग संथ नेमाचा होता; लांबडं साहेब मारत होते, आखूड हवालदार. सखारामनं पुठ्ठे खाली घेतले तेव्हा लांबड्याची पाच भोकं दहाच्या नाण्याखाली झाकली जातील इतकी जवळ होती. आखुडाची बशीएवढ्या गोलात विखुरलेली. त्यानं चकती धरून तसं दाखवलं. चकतीची दांडी वाळवीनं खाल्ली होती, उन्हाळ्यातच मधोमध मोडली होती. नवीन मागून मागून तो थकला होता. उरलेल्या हातभर तुकड्याला चकती खिळली होती आणि ती दिसायला हवी तर मनगटापर्यंत हात फटीतून वर काढावा लागे.

दुसरा भाग कमरेवरून उपसून मारायचा. दांडा ओढला, तीन सेकंद, सोडला. आखुडाचा बार दर वेळी पुठ्ठा उघडा असतानाच झाला. लांबड्याचा बार दोनदा पुठ्ठा फिरल्यावर ऐकू आला. सखारामला न बघताच कळलं, लांब नळी म्यानात अडकतेय आणि घोडा ओढायला साहेबांचा अंगठा उशीर करतोय. तिसऱ्या फेरीला दांड्याची तार तुटली आणि पुठ्ठे वेडेवाकडे लटकले. वर घंटा झाली, दोन टोले. म्हणजे थांबा, जेवायची सुट्टी.

सखारामनं अर्धा तास तार जोडायची खटपट केली. पक्कड ऑफिसात होती. ती आणावी आणि घरी जाऊन चार घास खावेत म्हणून तो मागच्या दाराशी गेला. दार उघडेना.

त्या लोखंडी दाराला कडी फक्त बाहेरून होती. मातीच्या भिंतीतलं शिसं उकरायला लोक येतात म्हणून ती लावलेली. सखाराम आत असला की दार उघडंच असायचं. त्या दिवशी वारा होता. हात धुवायला मागच्या नळावर आलेल्या स्वप्नीलनं दार आपटताना पाहिलं आणि भल्या मनानं कडी घातली. आत माणूस असेल हे त्याच्या गावीही नव्हतं. हे सगळं नंतर कळलं. त्या वेळी सखारामला एवढंच दिसलं, की दार ढिम्म हलत नाही.

त्यानं हाका मारल्या. पान्हा घेऊन पत्रा बडवला. पण शेजारच्या टेकडीवर बंगल्यांच्या स्कीमसाठी खडक फोडायचं मशीन सकाळपासून थडथडत होतं, आणि ऑफिस पार मातीच्या बांधापलीकडे. मोबाईल रेंजवर आणायची बंदी, तो ऑफिसातल्या ट्रेमध्ये. साहेबांना वाटलं सखाराम मागच्या वाटेनं घरी गेला. चंद्रभागेला वाटलं पाहुणे आलेत, आज उशीर होणार.

पहिला तासभर त्याला राग आला. मग घाम फुटला, आणि तो नुसत्या गरमीचा नव्हता. सखारामला तीन वर्षांपासून शुगर होती. सकाळी गोळी घेतली होती, वर चहा आणि दोन बिस्किटं. आता दीड वाजून गेला असावा. जीभ जड झाली, बोटं कापायला लागली. डॉक्टरनं सांगितलं होतं, शुगर अशी उतरली की लगेच काहीतरी गोड खा. खंदकात डिंकाची वाटी, टिकल्यांची गड्डी आणि ग्रीसचा डबा होता. त्यानं खिसे चाचपले. काही नव्हतं. तो भिंतीला टेकून बसला. फटीतून आभाळाची एक पट्टी दिसत होती आणि तिच्या टोकाला माथेरानच्या डोंगराची कड. हीच पट्टी त्यानं सत्तावीस वर्षं पाहिली होती, पण आज पहिल्यांदा त्याच्या मनात आलं की आपण इथंच मेलो तर संध्याकाळपर्यंत कुणाला कळायचं नाही. डोळे कधी मिटले त्याला समजलं नाही.

गोळीच्या बारानं त्याला जाग आली.

जेवून आलेल्या मंडळींनी ठरवलं होतं की तार तुटली तर तुटली, जवळच्या अंतरावर स्टँड लावून उरलेला भाग उरकू. स्टँड लावायला माणसं खंदकापासून दहा पावलांवर येऊन गेली होती आणि सखाराम ग्लानीत पडला होता. आता गोळ्या स्टँडवरचा कागद भेदून फटीवरून मागच्या बांधात घुसत होत्या. तो ओरडला. आवाज फुटेचना, आणि फुटला असता तरी वरच्यांच्या कानांवर जाड टोपणं होती.

खाली बसून राहिलं तर गोळी लागणार नव्हती. पण अंग जड होत चाललं होतं, डोळ्यांपुढं काजवे येत होते, आणि हा भाग संपला की मंडळी गाड्या काढून निघून जाणार होती. करता येण्यासारखं एकच होतं, चकती वर धरायची. म्हणजे हात वर काढायचा, दोन रिव्हॉल्व्हरांच्या समोर.

सखारामनं डोळे मिटून कान दिले. फाड, फाड. आखूड, हवालदारांचं. सहा बार सलग. त्यातच लांबडं, सावकाश. एक. दोन. दोघं आळीपाळीनं नाही, बरोबरच मारत होते. दोन्ही रिकामी झाली, की भरायला जो वेळ लागतो तेवढाच वेळ त्याचा. हवालदारांचे सहा झाले. किरणसाहेब लांबड्यात नेहमी पाचच भरायचे, स्पर्धेत पाचाचीच फेरी असते म्हणून. तीन. चार. पाच. सखारामनं भिंतीला धरून उभं राहत चकती फटीपाशी नेली, बोटं कडेला लागली.

लांबड्याचा सहावा बार झाला.

फटीच्या कडेची सिमेंटची कपची उडाली आणि त्याच्या बोटांच्या पेरांवर बसली. चकती हातातून खाली पडली. आज तुलना होती, दोघांना सारखी काडतुसं हवीत म्हणून साहेबांनीही सहा भरली होती. सखाराम गुडघ्यावर बसला. हाताला रक्त लागलं होतं. त्याला रडू आलं, पण ते आवरायचीही ताकद नव्हती, म्हणून रडतच त्यानं चकती शोधली.

पुढच्या फेरीत त्यानं आकड्यावर भरवसा ठेवला नाही. आखूड मोडून उघडलं की सगळ्या रिकाम्या पुंगळ्या एकदम बाहेर उडतात, ओट्याच्या फरशीवर पितळ सांडल्याचा खळकन आवाज होतो. लांबड्याचं चक्र बाजूला काढून दांडी दाबावी लागते, तिथं पुंगळ्या हातात घेतात, आवाज होत नाही. म्हणून लांबड्याचे सहा त्यानं बोटांवर मोजले आणि आखुडाच्या पितळेची वाट पाहिली. मशीनच्या थडथडाटात तो आवाज येईल की नाही, याचीच धास्ती होती. लांबड्याचा सहावा झाला. आखुडाचा एक अजून राहिला होता. तो झाला. मग मशीन दम घ्यायला थांबलं आणि त्या शांततेत पितळ सांडलं.

सखारामनं चकतीसकट कोपरापर्यंत हात फटीतून वर काढला.

कोण काय ओरडलं ते त्याला आठवत नाही. शिट्टी वाजली. धावणारी पावलं आली. कडी सरकली आणि उजेडात कोंडाजी हवालदार उभे होते, तोंडाला फेस आल्यासारखे.

"अरं सखाराम! तू आत हुतास?"

"शुगर," सखाराम म्हणाला, आणि पायरीवर कोसळला.

स्वप्नीलच्या गाडीत संत्र्याच्या शीतपेयाची बाटली होती. हवालदारांनी त्याचं डोकं मांडीवर घेऊन घोट घोट पाजलं. स्वप्नीलचा चेहरा पांढराफटक पडला होता. "कडी मी लावली," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "मला खरंच माहीत नव्हतं, काका." किरणसाहेब थोडं बाजूला उभे होते. लांबडं अजून त्यांच्या हातात होतं. ते ठेवायचं त्यांना सुचलं नव्हतं.

संध्याकाळी ते खोलीवर आले. चंद्रभागेनं खुर्ची दिली, चहा दिला नाही.

"सखाराम, झालं ते वाईट झालं," साहेब म्हणाले. "पण बाहेर गवगवा झाला तर रेंजचा परवानाच धोक्यात येईल. मग कुणाचंच भलं नाही, तुझंही नाही. पुढच्या मीटिंगला तुझं काम मी नक्की घालतो."

सखाराम हाताच्या पट्टीकडे बघत होता. "बरं," म्हणाला.

साहेब गेल्यावर रूपा उसळली. ती कर्जतला एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते, बातमी कळताच आली होती. "बरं काय, बाबा? मरता मरता वाचलात! लिहून द्या. मी लिहिते, तुम्ही सही करा."

"सही केली आन् उद्या खोली खाली करा म्हनले तर?"

"तर माझ्या खोलीवर चला."

"आन् आज्याची जमीन?"

"कुठं आहे जमीन, बाबा? दाखवा ना मला कुठं आहे ती!"

चंद्रभागा म्हणाली, "गप ऱ्हा गं, त्यांला झोपू दे." पण तिनंच रूपाला डोळ्यानं 'लिही' असं खुणावलं. रूपानं त्या आठवड्यात संस्थेच्या सगळ्या सभासदांना पत्रं पाठवली, खाली स्वतःचं नाव घालून.

अकरा दिवस सखाराम खंदकात उतरला नाही. बाराव्या दिवशी साहेबांनी बोलावलं. कंपनीची पहिली तुकडी पुढच्या सोमवारी यायची होती. ऑफिसात हवालदार आणि स्वप्नीलही होते.

"कडी काढा, मंग उतरतो," सखाराम म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं त्या ऑफिसात अट घातली होती.

"आणि चोऱ्या झाल्या तर जबाबदार कोण?"

"कडी ऱ्हायली तर मी बी शिकवायला येत नाय," हवालदार शांतपणे म्हणाले. साहेबांनी त्यांच्याकडं पाहिलं, मग स्वप्नीलकडं, आणि शिपायाला करवत आणायला सांगितलं.

मग हवालदार सखारामकडं वळले. "आता तूच सांग ह्या साहेबांना. लांबडं का आखूड? खालून सगळं तूच बघतोस."

सखाराम अवघडला. त्याला असं कुणी विचारलं नव्हतं. "भोकं बघायला लांबड्याची लय देखणी," तो म्हणाला. "कागद थांबून ऱ्हात असंल तर त्याला तोड नाय. पर पहारेकऱ्याला कोन थांबू देतो? म्यानातनं काढायला अडतं, घोडा वढायला येळ लागतो. आखुडाची भोकं फाटकी, पर येळंवर पडतात. आनि..." त्यानं पट्टीचा हात पाठीमागं घेतला. "नव्या मानसाच्या बोटाखाली हलका चाप नगा देऊ. समोर कोन हाय त्याला दिसत नसतं."

किरणसाहेबांनी मान खाली घातली. स्वप्नीलनं वहीत आखूड लिहून घेतलं.

रूपाच्या पत्रांचा परिणाम झाला, पण तिला वाटला तसा नाही. एका सभासदानं पुठ्ठे फिरवायचं विजेवरचं मशीन देणगी दिलं. दोन मोठी खोकी आली. मशीन बसलं की खाली माणूस लागणार नाही. सखारामला हायसं वाटलं, आणि लगेच दुसरा विचारही आला. खाली माणूस नको, तर खोलीत माणूस कशाला? हवालदार म्हणाले, "मी तुला वर घेतो, पोरांना भोकं वाचायला शिकव." साहेब म्हणाले, "बघू, मीटिंगमध्ये मांडतो." वीजजोडणीची परवानगी यायची होती. खोकी ऑफिसच्या कोपऱ्यात पडून राहिली, त्यांवर कुणीतरी जुन्या फायली ठेवल्या.

सोमवारी तुकडी आली, चौदा जण. सखाराम साडेसातला पायऱ्या उतरला. शेवटच्या पायरीवर त्याचे पाय थांबले. याआधी असं कधी झालं नव्हतं. त्यानं मागं वळून दार पाहिलं. कडीच्या जागी कापलेल्या लोखंडाचे दोन चकाकते ठिपके होते. तरीही पाऊल उचलेना.

तेव्हा बांधामागच्या चिंचेखाली चंद्रभागा येऊन बसलेली त्याला दिसली. पुढ्यात सुपात तांदूळ. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"जावा," ती म्हणाली. "मी हाय हितं."

तो आत गेला, दांड्याशी बसला. वर घंटा झाली, आखुडाचे बार सुरू झाले, फाटके आणि बिचकलेले. दर फेरीनंतर बांधामागून हाक यायची, "आवो, हाय का?"

"हाय गं," सखाराम खालून ओरडायचा, आणि भोकं झाकायला टिकल्या उचलायचा.